टोपडे, दुपटे आणि चिंध्यांचा चेंडू

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही एका शाळेत चार दिवसांचे विज्ञान शिबिर घेतले. मुलांना घरून जुने सुती कापड आणायला सांगितले होते. भिंगाखाली धागे पाहायचे, कापड किती पाणी शोषते ते तोलून पाहायचे, धागा जाळून वासावरून सुती कोणता आणि कृत्रिम कोणता ते ओळखायचे, असा साधा बेत होता. आठवीतील एक मुलगी आजीचे विरत आलेले नऊवारी लुगडेच घेऊन आली. प्रयोगाला वीतभर तुकडा पुरे, असे आम्ही म्हटल्यावर तिने विचारले, "मग उरलेल्याचं बाळाला काही शिवता येईल का? ताई आलीय बाळंतपणाला."

बेत बदलला. पुढचे चार दिवस सगळा वर्ग, मुलगे आणि मुली, सुईदोरा घेऊन बसला. शिवण हा कार्यानुभवाचा विषय, तोही बहुतेक ठिकाणी मुलींच्या वाट्याचा. विज्ञानाच्या शिबिरात त्याचे काय काम, असे तेथील एका शिक्षकांनी मोकळेपणाने विचारले. त्यांना त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर फारसे पटण्याजोगे नव्हते. खरे उत्तर हळूहळू सुचत गेले आणि त्यात आमची स्वतःची एक चूकही उघडी पडली. ते सगळे येथे सांगत आहोत.

बाळ लवकर गार का होते?

काय शिवायचे हे ठरवण्याआधी बाळाची अडचण काय आहे ते पाहू. पूर्ण दिवसांचे बाळ साधारण ३ किलोचे असते आणि त्याच्या त्वचेचे पृष्ठफळ सुमारे ०.२ चौरस मीटर असते. ६० किलोच्या प्रौढ माणसाचे पृष्ठफळ सुमारे १.६५ चौरस मीटर. मुलांनी भागाकार केला. बाळाच्या दर किलो वजनामागे सुमारे ६७० चौरस सेंटिमीटर त्वचा, तर प्रौढाच्या दर किलोमागे २७५. उष्णता तयार होते ती शरीराच्या आत, आणि बाहेर जाते ती पृष्ठभागातून. बाळाची ही दारे वजनाच्या मानाने जवळजवळ अडीच पट मोठी आहेत.

हीच गोष्ट घनांवरून दाखवता येते. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ आणि घनफळ १. ३ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ५४ आणि घनफळ २७. पहिल्याचे गुणोत्तर ६, दुसऱ्याचे २. गणित नको असेल तर एक मोठा आणि एक लहान बटाटा एकाच पातेल्यात उकडून ताटलीत ठेवा व दहा मिनिटांनी दोन्ही फोडून आत बोट लावून पाहा.

शिवाय थंडी वाजली की आपण कुडकुडतो. स्नायूंची ती थरथर म्हणजे उष्णता निर्माण करण्याचा उपाय असतो. नवजात बाळाला तो फारसा जमत नाही. त्याची भिस्त खांद्यांच्या मागे आणि मूत्रपिंडांभोवती साठवलेल्या तपकिरी चरबीवर असते. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाजवळ हा साठाही अपुरा असतो.

त्यात बाळ जन्मते ते ओले. त्वचेच्या तापमानाला १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० ज्यूल उष्णता लागते. अंगावर दोन लहान चमचे, म्हणजे १० ग्रॅम पाणी राहिले आणि ते सारे बाळाच्या अंगच्या उष्णतेने वाळले, तर २४,००० ज्यूल गेले. शरीराची विशिष्ट उष्माधारकता दर ग्रॅमला सुमारे ३.५ ज्यूल धरली तर ३ किलोच्या बाळाचे तापमान एक अंशाने उतरायला १०,५०० ज्यूल पुरतात. म्हणजे दोन चमचे पाण्याने सव्वादोन अंशांचा फरक! प्रत्यक्षात काही उष्णता हवेतून येते आणि बाळही थोडी निर्माण करते, त्यामुळे घट यापेक्षा कमी होईल. पण बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे लागते, ही मर्यादा किती अरुंद आहे ते लक्षात घ्या. जागतिक आरोग्य संघटना बाळाला जन्मल्याबरोबर कोरडे करायला आणि पहिली आंघोळ निदान २४ तास लांबवायला सांगते, त्यामागे हे गणित आहे.

म्हणून आम्ही सर्वांत आधी जे शिवले त्याला शिवणे म्हणावे की नाही असा प्रश्न पडेल. लुगड्याचे चार मोठे चौकोन कापले आणि कडा दुमडून हेम घातले. झाले. अंग टिपायला यापरते दुसरे काही नको. नवे कोरे कापड त्या कामाचे नाही, कारण त्यावर खळ असते. खळीमुळे पाणी नीट शोषले जात नाही आणि धागे एकमेकांना चिकटून कापड ताठ राहते. वर्षानुवर्षांच्या धुण्याने खळ निघून गेलेली असते, धाग्यांचा पीळ सैलावलेला असतो. कृत्रिम धाग्याचे कापड तर बाजूलाच ठेवा. २० अंश तापमानाच्या आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत कापूस आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी नुसत्या हवेतून धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. लंगोट सुती का असावा, याचे उत्तर यातच आले.

गोधडीतील ऊब

दुसऱ्या दिवशी दुपटे. जुन्या लुगड्याचे तीन-चार थर एकावर एक घालून धावदोऱ्याने जोडायचे, हे आपल्या घराघरांत चालत आले आहे. बंगालमध्ये कांथा, बिहारमध्ये सुजनी. उत्तर कन्नड भागातील सिद्दी बायका कवंदी शिवतात, ती कडेपासून सुरू करून गोलगोल मध्याकडे नेतात. नावे निराळी, पद्धती निराळ्या, पण विरलेले मऊ कापड आणि धावदोरा सगळीकडे तेच, आणि यांपैकी पुष्कळ नव्या बाळासाठीच शिवले जाते.

ऊब कापडात असते असे मुलांना वाटते. ती असते हवेत. गोधडीत हवा किती हे मोजता येते. समजा घडी घातलेले दुपटे २० सेंटिमीटर लांब, २० रुंद आणि १ सेंटिमीटर जाड आहे. घनफळ ४०० घन सेंटिमीटर. त्याचे वजन १८० ग्रॅम भरले, तर कापसाच्या तंतूची घनता १.५ धरून तंतूंचे घनफळ झाले १२०. उरलेले २८० घन सेंटिमीटर काय? हवा. शंभरांत सत्तर भाग हवा आपण पांघरतो आणि म्हणतो गोधडी जाड आहे. प्रत्येक मुलाने आपापल्या घरची गोधडी अशी मोजून आणावी.

ही हवा उबदार राहते ती जागच्या जागी अडकून पडल्यामुळे. एरवी हवा तापली की वर निघून जाते. थरांमधील बारीक फटींत तिला हलता येत नाही, आणि स्थिर हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. पाणी तिच्या वीस पटींहून अधिक चांगले वाहक आहे. ओल्या दुपट्यात हवेची जागा पाण्याने घेतलेली असते, वर बाष्पीभवन चालू असते ते वेगळेच. आम्ही चार सारख्या बाटल्यांत एकाच पातेल्यातील गरम पाणी भरले. एक उघडी, एक चार थरांच्या दुपट्यात सैल गुंडाळलेली, एक तशाच दुपट्यात पण वरून सुतळीने करकचून बांधलेली, आणि एक ओल्या दुपट्यात. दर पाच मिनिटांनी तापमान लिहिले. सैल गुंडाळलेली बाटली जिंकणार हे मुलांनी ओळखले होते. पंख्याखाली ठेवलेली ओली बाटली उघड्या बाटलीच्याही मागे पडली, तेव्हा मात्र पैजा हरलेल्यांनी प्रयोग पुन्हा करायला लावला. जरूर पुन्हा करा. शक्य तर वारा बंद ठेवून आणि चालू ठेवून.

करकचून बांधलेल्या बाटलीवरून टाक्यांचा प्रश्न निघतो. धावदोरा हवाच, नाहीतर थर घसरून एका कोपऱ्यात गोळा होतात. पण टाके फार दाट आणि ओढून घातले तर थर दाबले जातात आणि हवा निघून जाते. दोन ओळींत दोन बोटांचे अंतर आणि दोरा ओढून चुणी पडणार नाही इतका सैल, असे आम्ही ठरवले. आजी पाहायला आल्या होत्या. त्यांनी आमच्या टाक्यांना नाक मुरडले, अंतराला मात्र नाही.

दुपट्याबद्दल एक अप्रिय गोष्ट शिक्षकांनी सांगायलाच हवी. ते बाळाच्या खाली ताणून घालायचे, झोपलेल्या बाळाच्या तोंडाशी येईल असे सैल वर नाही. भोवती मऊ उशा, लोड, चिंध्यांच्या बाहुल्या रचून ठेवायच्या नाहीत. जी अडकलेली हवा ऊब देते, तीच नाकातोंडाशी आली तर बाळ आपणच सोडलेली हवा पुन्हा आत घेत राहते, आणि तान्ह्या बाळाला मान फिरवून सुटता येत नाही. बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट अंथरुणावर निजवा, अशी मोहीम ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली सुरू झाली, आणि त्यानंतर काही वर्षांत झोपेत अचानक होणारे बालमृत्यू तेथे निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आले. आपल्याकडे डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी करतात. मुलांनी ती शिवायची का असे विचारले, तेव्हा आम्ही नको म्हटले. बाळाला वर्षभर उशी लागत नाही, आणि शिवण उसवली तर मोहऱ्या कुठे जातील ते सांगायला नको.

तिरक्या पट्टीचे गणित

टोपडे हा आमच्या मते या सगळ्यांतील महत्त्वाचा कपडा. प्रौढ माणसाच्या एकूण त्वचेपैकी डोक्याच्या वाट्याला दहाव्या हिश्शाहून कमी येते. नवजात बाळाच्या बाबतीत हे जवळजवळ पाचवा हिस्सा असते. म्हणून थंडीत आणि विशेषतः कमी वजनाच्या बाळाला टोपडे हवे. याच कारणाने वैशाखातील दुपारी, घरात, धडधाकट बाळाला ते नको. उष्णता जायचा मोठा रस्ता आपण बंद करतो, बाळ तापते आणि आपण तापाचे औषध शोधतो. मानेमागे हात लावून पाहावा, घाम असेल तर टोपडे काढावे.

टोपडे बहुधा हनुवटीखाली बंदांनी बांधतात. गळ्याशी बंद असावेत हे आम्हांला पसंत नव्हते. मग ते डोक्यावर टिकायचे कसे? येथे कापडाची रचना मदतीला येते.

एक सुती हातरुमाल घ्या. कडेला समांतर, म्हणजे उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या दिशेने ओढा. जवळजवळ काहीच होत नाही. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढा. रुमाल लांबतो, आणि बाजूने आकसतो. धागा तोच, मग हे का व्हावे? पहिल्या खेपेला आपण धाग्यालाच ताणत होतो, आणि सूत फारसे ताणले जात नाही. दुसऱ्या खेपेला धागे ताणले गेलेच नाहीत. ताणा आणि बाणा यांच्यामधील काटकोन बदलला.

खराट्याच्या चार सारख्या काड्या कोपऱ्यांत टाचण्यांनी सैल जोडा. चौरस हाताने दाबला की समभुज चौकोन होतो. बाजू १० सेंटिमीटर धरा. चौरसाचे दोन्ही कर्ण १४.१ सेंटिमीटर. समभुज चौकोनाचे कर्ण परस्परांना काटकोनात दुभागतात, म्हणून पायथागोरसच्या प्रमेयाने दोन्ही कर्णांच्या वर्गांची बेरीज नेहमी बाजूच्या वर्गाच्या चौपट, म्हणजे ४०० राहते. एक कर्ण ओढून १६ केला तर त्याचा वर्ग २५६. उरले १४४, म्हणजे दुसरा कर्ण १२. एकाही काडीची लांबी न बदलता एक कर्ण १३ टक्क्यांनी वाढला आणि दुसरा १५ टक्क्यांनी घटला. नववीच्या वर्गाला हे उदाहरण फळ्यावर देण्याऐवजी हातात काड्या देऊन करून घ्यावे, असे आम्ही सुचवू.

शिंपी याला उरेब कापणे म्हणतात. झबल्याच्या गळ्याची गोलाई शिवताना सरळ पट्टी लावली की चुण्या पडतात, आणि तिरकी पट्टी वळणावर निमूट बसते, ते याचमुळे. टोपड्यासाठी आम्ही १४ सेंटिमीटर रुंदीची पट्टी धाग्यांशी ४५ अंशांचा कोन करून कापली. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो. पट्टीचा घेर ३३ ठेवला, शिवणीची माया वेगळी. मागे एकच उभी शिवण घातली, वरची कड चुण्या घालून आवळून बंद केली, खालची हलकेच दुमडली. डोक्यावर चढवताना ही पट्टी दोन सेंटिमीटर सहज ताणली जाते आणि सोडल्यावर अलगद धरून राहते. बंद लागला नाही.

सुटलेले बटण

आता चुकीबद्दल. नमुना म्हणून आम्ही घरून एक कापडी बाहुली शिवून नेली होती. डोळ्यांच्या जागी सदऱ्याची दोन काळी बटणे लावली होती आणि आम्हांला ती फार आवडत होती. तिसऱ्या दिवशी एक शिक्षिका आपल्या दीड वर्षाच्या मुलीला घेऊन आल्या. मुलीच्या हाती बाहुली दिली आणि आम्ही बोलत राहिलो. पाचेक मिनिटांत बाहुलीचा एक डोळा तिच्या तोंडात होता. सुदैवाने चव न आवडून तिनेच तो थुंकला. आईच्या चेहऱ्याकडे पाहणे त्या वेळी आम्हांला जमले नाही.

त्या संध्याकाळी दोन प्रश्न घेऊन बसलो. केवढी वस्तू लहान मुलाच्या घशात अडकू शकते? आणि बटण सुटले का?

पहिल्याचे उत्तर ठरलेले आहे. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी मानकांत एक पोकळ नळकांडे सांगितलेले असते. व्यास ३१.७ मिलिमीटर, तळ तिरपा, खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर. वस्तू किंवा तिचा सुटणारा भाग न दाबता त्यात पूर्ण मावला, तर तो धोक्याचा. भारतात खेळण्यांच्या सुरक्षेसाठी आयएस ९८७३ हे मानक आहे आणि १ जानेवारी २०२१ पासून बाजारातील खेळण्यांना ते सक्तीचे झाले आहे. घरी शिवलेल्या बाहुलीला कोणी तपासनीस येत नाही, तेव्हा तपासनीस आपणच व्हायचे. ३१.७ ला पायने गुणले की परीघ जवळजवळ १० सेंटिमीटर येतो. म्हणजे पुठ्ठ्याची १० सेंटिमीटर लांब पट्टी कडेला कड लावून चिकटवली की नळकांडे तयार. प्रत्येक मुलाने ते करून घरी न्यावे. आमच्या वर्गात त्यात बटणे, मणी, चिंचोके, पेनची टोपणे, शेंगदाणे आणि खडूचे तुकडे मावले. पाहता पाहता मुले दप्तरे उपसू लागली.

दुसऱ्या प्रश्नाने आम्हांला अधिक वेळ गुंतवले. बटण आम्ही दोऱ्याच्या तीन-चार सरळ फेऱ्यांनी लावून मागे एक गाठ मारली होती. सारा भार त्या एका गाठीवर. गाठ कापडाच्या सैल विणीतून पार झाली आणि दोरा सरकन निघाला. धावदोऱ्याचेही असेच होते. दोरा कापडाच्या वरखाली लाटेसारखा जातो, वळणे उथळ असतात; एके ठिकाणी तुटला की पुढचा ओघळत जातो. उलट्या टिपेत दर टाक्याला सुई मागे येते आणि आधीच्या टाक्याच्या टोकाशी पुन्हा खाली जाते. दोरा प्रत्येक वेळी कापडाभोवती जवळजवळ पूर्ण वेढा घेतो.

वेढ्याचा परिणाम किती असतो? गुरे बांधणाऱ्याला तो ठाऊक असतो: दाव्याचा एक वेढा खुंटाला घातला की ओढाळ बैलही एका हाताने धरता येतो. वेढ्यामुळे दोऱ्यातील ताण दर वळणाला काही पट कमी होतो, आणि पटींचा गुणाकार होत जातो. घर्षणांक ०.३ धरला तर अर्ध्या वेढ्यात ताण अडीच पटींनी उतरतो, पूर्ण वेढ्यात साडेसहा पटींनी, दोन वेढ्यांत चाळीसहून अधिक पटींनी. उलट्या टिपेचे चार टाके पडल्यावर गाठीपर्यंत भार पोचतच नाही. एका ठिकाणी दोरा तुटला तरी शेजारचे टाके जागेवर राहतात.

दोन पट्ट्या धावदोऱ्याने आणि दोन उलट्या टिपेने जोडा, दोरा व टाक्यांची लांबी सारखी ठेवा. खाली पिशवी अडकवून अर्ध्या-अर्ध्या किलोने वाळू घाला. मग दोन्हींत मधला एक टाका कात्रीने कापून पुन्हा करा. आम्हांला हा दुसरा भाग अधिक शिकवणारा वाटला.

बाहुलीला आता उलट्या टिपेने भरलेले डोळे आहेत. बटण कितीही पक्के लावले तरी तीन वर्षांखालच्या मुलाच्या वस्तूला लावायचे नाही, एवढा नियम आम्ही स्वतःला घालून घेतला. दोऱ्या आणि नाड्याही वीतभरापेक्षा लांब नकोत. खुळखुळ्यातील खडे आधी झाकण पक्के चिकटवलेल्या डबीत, आणि ती डबी दुहेरी शिवणीच्या कापडात.

चेंडू

फ्रीड्रिख फ्रेबेल या जर्मन शिक्षकाने १८३७ साली लहान मुलांसाठी शाळा काढली आणि १८४० साली तिला बालोद्यान या अर्थाचे किंडरगार्टन हे नाव दिले. त्याने मुलांच्या हाती द्यायच्या वस्तूंची जी मालिका आखली, तिच्यातील पहिली वस्तू म्हणजे लोकरीने विणलेले सहा रंगांचे सहा मऊ चेंडू. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवल्या. महागड्या साधनांऐवजी त्यांनी परिसरातील बिया, शंख-शिंपले, खडे वापरात आणले. चिंध्यांचा चेंडू त्याच जातीचा.

सपाट कापडातून गोल करायचा, ही खरी गंमत. नकाशे काढणाऱ्यांना छळणारा हा प्रश्न. पृथ्वीगोलावर कागद चिकटवतात तो फाकींच्या आकारात कापून. चेंडूचा परीघ २४ सेंटिमीटर घेऊ, म्हणजे व्यास साडेसात सेंटिमीटरच्या थोडा वर. फाकी सहा. प्रत्येकीची लांबी अर्ध्या परिघाइतकी, १२ सेंटिमीटर. मध्यावर रुंदी परिघाच्या सहाव्या भागाइतकी, ४ सेंटिमीटर. मधली रुंदी काढायला गोलावर अक्षवृत्ते डोळ्यांसमोर आणा. विषुववृत्तापासून वर जाताना ती अक्षांशाच्या कोसाइनच्या प्रमाणात लहान होतात. आपल्या फाकीवर १ सेंटिमीटर म्हणजे १५ अंश. म्हणून मध्यापासून २ सेंटिमीटरवर, ३० अंशांवर, रुंदी ३.५, ३ सेंटिमीटरवर २.८, ४ सेंटिमीटरवर, ६० अंशांवर, बरोबर २. बिंदू जोडा आणि चारी बाजूंनी पाऊण सेंटिमीटर माया सोडून कापा. काही मुलांनी फाकीच्या कडा सरळ रेषांनी काढल्या; त्यांचा चेंडू दोन्ही टोकांना निमुळता होऊन भोवऱ्यासारखा झाला. तो फेकून देऊ नका, कोसाइन शिकवताना तोच उपयोगी पडतो.

फाकी उलट्या टिपेने जोडून शेवटच्या शिवणीत तीन बोटे जागा सोडा, चेंडू उलटा करा आणि आत धुतलेल्या चिंध्याच भरा. थर्मोकोलचे दाणे नकोत, कडधान्य नको. मूग भरलेला एक चेंडू आमच्याकडे पावसाळ्यात उगवला आहे. कापडी चेंडू फार दूर घरंगळत नाही, रांगत्या बाळाला तो गाठता येतो.

पाळण्यावरच्या चिमणाळ्याबद्दल दोनच शब्द. कापडाच्या चिमण्या आपण उभे राहून, बाजूने पाहतो आणि बाजूने सुंदर शिवतो. बाळाला दिसतात फक्त त्यांची पोटे! नवजात बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचे त्यातल्या त्यात बरे दिसते, आणि फिक्या गुलाबी-आकाशीपेक्षा काळ्यापांढऱ्या ठळक आकृतीकडे ते अधिक वेळ पाहते. रॉबर्ट फँट्झ यांनी १९६०च्या दशकात हे बाळांच्या नजरेवर लक्ष ठेवून दाखवले. तेव्हा नक्षी पोटावर काढा. आणि बाळ पाचव्या महिन्याच्या सुमारास हातांवर जोर देऊन उठू लागले की चिमणाळे उतरवून ठेवा.

शिबिर संपले. जूनच्या अखेरीस त्या शाळेतून दूरध्वनी आला. बाळ दिवसांआधी आले होते, २ किलो १०० ग्रॅमचे. दवाखान्यातील परिचारिकेने एक लांब मऊ सुती कापड मागितले. बाळाला लंगोट आणि टोपडे एवढेच घालून आईच्या उघड्या छातीवर उभे धरायचे आणि वरून कापडाने दोघांना एकत्र बांधायचे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे काचपेट्या अपुऱ्या पडत होत्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी ही पद्धत सुरू केली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने कमी वजनाच्या बाळांसाठी ती जन्मल्याबरोबर सुरू करावी असे सांगितले. बाळाची पुढची बाजू ३७ अंशांच्या अंगाला टेकलेली, पाठीवर कापडाचे थर आणि त्यांत अडकलेली हवा, डोक्यावर टोपडे. बाहेर पडायची दारे एकेक करून मिटलेली. आजीचे उरलेले लुगडे त्या कामी आले.

टोपडे मात्र मोठे झाले. बाळाच्या डोक्याचा घेर ३१ सेंटिमीटर भरला, आणि आपले टोपडे ३३चे. त्या मुलीने मागची शिवण उसवली, दीड सेंटिमीटर आत घेऊन पुन्हा उलटी टीप घातली, म्हणजे घेर तीनने कमी होऊन तीस झाला. जादा कापड कापू का, असे तिने शिक्षकांना विचारले होते. मग तिनेच ठरवले, की बाळ वाढेल तेव्हा पुन्हा उसवावे लागेल, आणि माया आत तशीच दुमडून ठेवली.